पुरण वाटलं कोणी?



होळी जवळ आली की परगावच्या भाचरांचे निरोप सुरू होतात, "मावशी, पुरणाचं प्रमाण सांग गं." प्रमाण काय, दोन ओळींत संपतं. एक वाटी हरभऱ्याची डाळ, एक वाटी चिरलेला गूळ, थोडी वेलची, जायफळ. डाळ बोटाने चेपली की मोडेल इतकी शिजवायची, पाणी निथळून ठेवायचं (फेकू नका, कटाची आमटी त्याचीच), गूळ घालून आटवायचं. उलथणं उभं राहिलं की झालं. मग गरम आहे तोवर वाटायचं. गार झालं की ते घट्ट होतं, मग हात भरून येतात.

मी शाळेत इतिहास शिकवत असे, म्हणून माझं लक्ष या शेवटच्या वाटण्याकडे जातं.

'पुरण' हा शब्द संस्कृत 'पूरण'वरून आला, म्हणजे भरण. प्रकार जुना आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ आहे, साधारण इ. स. ११२९ सालचा. कल्याणी म्हणजे आजचं कर्नाटकातलं बसवकल्याण. राजाने काय काय उपभोगावं याची त्यात भली मोठी यादी आहे. हत्ती, संगीत, शिकार आणि अर्थातच जेवण. त्यात मंडक आहेत, म्हणजे आपले मांडे, आणि पोलिका आहेत, म्हणजे आपल्या पोळ्या. राजाच्या ताटात काय पडत होतं ते त्यावरून कळतं. वाटणाऱ्या हातांची मात्र नोंद नाही, असं मी बरीच वर्षं समजत होते.

नोंद आहे, पण ती स्वयंपाकाच्या प्रकरणात नाही, गाण्याच्या प्रकरणात आहे! महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, असं सोमेश्वर सांगतो. पदार्थ एका जागी, बाया दुसऱ्या जागी, आणि दोन्ही एकाच पुस्तकात. वर्गात हे सांगितलं की मुली हसत आणि मुलगे वहीत उतरवून घेत.

पुढे आठशे-नऊशे वर्षं त्या ओव्या तोंडोतोंडी राहिल्या. अलीकडे हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. पाककृती मात्र लौकर छापल्या गेल्या. लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणी-मित्र' १९१० सालचं. कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' १९७० सालचं, वाटी-चमच्याच्या मापाचं. माझ्या प्रतीची पानं गुळाने चिकटली आहेत.

आता आमच्या घरचं. १९७२ च्या दुष्काळानंतरची होळी मला आठवते. रस्त्याच्या कामावर खडी फोडणाऱ्या बायांना सुकडी मिळत होती, घरोघरी मिलोच्या भाकऱ्या होत्या. आईने सणाला कशीबशी दोन वाट्या डाळ जमवली. घरात माणसं नऊ. पाट्यावर तिने ते पुरण इतकं बारीक वाटलं की बोटाला कण लागेना. जाडं राहिलं तर पोळी फुटते, आणि त्या वर्षी एकही पोळी फुकट घालवायची नव्हती. पुरण आठांना पुरलं. ती आमटी-भात जेवली आणि "मला गोड नकोच असतं" म्हणाली. आम्ही ते खरं मानलं. पुढे माझ्या घरी येऊन राहिली तेव्हा दर होळीला दोन पोळ्या तूप घालून खायची, वर दूध.

त्या पाट्याला वर्षातून एकदा टाकी लावायला वडारणी येत. दारात "पाट्याला टाकी" अशी आरोळी आली की आई शेजारणींचेही पाटे बाहेर काढवी. तो टकटक आवाज आमच्या गल्लीत आता नाही.

मग पुरणयंत्र आलं, पितळेचं, खाली भोकांची चकती, वर दांडा. पाट्याशी वडील कधी बसलेले मी पाहिले नाहीत. पण यंत्र आलं त्या होळीला त्यांनी आपणहून दांडा हातात घेतला, सगळं पुरण फिरवून काढलं आणि जेवताना पाहुण्यांना सांगितलं, "आजचं पुरण मी केलंय हं."

आई वाढत होती. काही बोलली नाही.