मेळघाटातली मोजणी

अमरावती जिल्हा एकाच नावाखाली दोन मुलखांचा बनलेला आहे. गाविलगडच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी पूर्णेच्या खोऱ्यातली काळी, कपाशीची जमीन. आणि रांगेवर मेळघाट, म्हणजे धारणी आणि चिखलदरा हे दोन तालुके, सागाचे जंगल आणि मुख्यतः कोरकू आदिवासींची गावे. अमरावतीहून धारणी सुमारे दीडशे किलोमीटर, आणि परतवाडा मागे पडला की पुढे घाट. वऱ्हाडातले वैद्यकीय शिक्षण या घाटाच्या खालच्या अंगालाच वाढले. पंजाबराव देशमुखांनी 1932 साली उभ्या केलेल्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेचे वैद्यकीय महाविद्यालय 1984 मध्ये अमरावतीत निघाले. अकोल्यात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय 2002 मध्ये आले, अमरावतीत तर थेट 2024 मध्ये.

कॉलेजाने गावाशी नाते जोडावे, हा विचार मात्र याहून जुना आहे. 1977 मध्ये केंद्र सरकारने वैद्यकीय शिक्षणाला ग्रामीण वळण देण्याची योजना आखली आणि प्रत्येक कॉलेजकडे तीन प्राथमिक आरोग्य केंद्रे सोपवली. फिरत्या दवाखान्यांच्या अवजड गाड्याही दिल्या. खेड्यांच्या रस्त्यांवर त्या चालवणे हेच एक काम होऊन बसले. गावाला काय हवे, हे त्या योजनेत कुणी गावाला विचारले नव्हते.

ते विचारण्याचा प्रयोग वर्धा नदीपलीकडे झाला. सेवाग्रामचे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान 1969 मध्ये डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने सुरू झाले. तिथे प्रत्येक नव्या तुकडीने एक गाव दत्तक घ्यायचे आणि पहिल्याच वर्षी शिबिरासाठी त्या गावात मुक्काम करायचा, असा शिरस्ता पडला. 1980 च्या दशकात डॉ. उल्हास जाजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला पैशांची, खरे तर ज्वारीची, जोड दिली. खळे झाले की घरागणिक ज्वारी गोळा करायची. भूमिहीनाचा वाटा ठरलेला, शेतकऱ्याचा एकराच्या हिशेबाने. गावातली बहुसंख्य घरे सामील झाली तरच योजना लागू व्हायची आणि मग अचानक आलेल्या आजारात संस्थानाच्या कस्तुरबा रुग्णालयात भरती झाल्यावर उपचार मोफत मिळायचे. रोख पैसा हंगामातच हाती येतो, ही गोष्ट शेतकऱ्याला सांगावी लागत नाही. दवाखान्याच्या हिशेबात ती प्रथमच शिरली. गाव वर्गणीदार झाले, त्यामुळे तक्रारीचा हक्कही त्याला मिळाला.

मेळघाटात डॉक्टर आणि गाव यांची ही देवघेव संस्थांच्या आधी माणसांनी नेली. शेगावचे डॉ. रवींद्र कोल्हे नागपुरात एमबीबीएस होऊन 1980 च्या दशकात बैरागडला गेले. धारणीपासून तिथवरची वाट पायीच होती. पुढे त्यांनी एमडी केले ते रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्रात, आणि प्रबंधाचा विषय मेळघाटातले कुपोषणच निवडला. प्रबंधासाठी गाव पाहून परतणारे पुष्कळ असतात. कोल्हे परतले ते बैरागडला. डॉ. स्मिता कोल्हे त्यांच्या कामात सहभागी झाल्या. 2019 मध्ये दोघांना पद्मश्री मिळाली.

1993 मध्ये मेळघाटातले बालमृत्यू मुंबईच्या वृत्तपत्रांपर्यंत आणि उच्च न्यायालयापर्यंत पोचले. सरकारने 1995 मध्ये आदिवासी भागांसाठी नवसंजीवन योजना जाहीर केली. वादाचा मूळ मुद्दा मात्र आकड्यांचा होता. मूल घरीच जन्मते आणि घरीच दगावते, त्याची नोंद करणार कोण? सरकारी आकडा आणि संस्थांचा आकडा यांची गाठ पडत नसे. शिवाय सुगी संपली की मजुरीसाठी घरेच्या घरे खाली उतरतात, आणि यादीतले मूल त्या वेळी नेमके कुठे आहे हे गावालाच ठाऊक असते.

या कोड्याचे उत्तर, म्हणजे गावातल्याच माणसाकडे काम सोपवणे, गडचिरोलीत तयार होत होते. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने 39 गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवले, त्याचे निष्कर्ष 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. 2011 पासून हीच पद्धत देशभर ‘आशा’ आरोग्यसेविकांकडे आली. मेळघाटात डॉ. आशिष सातव यांनी 1990 च्या दशकाच्या अखेरीस ‘महान’ ही संस्था सुरू केली. नेत्रतज्ज्ञ डॉ. कविता सातव त्यांच्यासोबत होत्या. धारणीजवळ रुग्णालय उभे राहिले आणि गावोगावच्या बायकांना न्युमोनिया, जुलाब, कुपोषण ओळखायला आणि त्यांवर प्राथमिक उपचार करायला शिकवले गेले. बाळ आजारी पडले की आधी भूमक्याकडे, म्हणजे गावच्या पारंपरिक वैदूकडे, जाण्याची, प्रसंगी पोटावर चटके देण्याची रीत होती. ती मोडायला बाहेरचा डॉक्टर पुरत नाही. घरची भाषा बोलणारी शेजारीण लागते.

गावोगावच्या या बायकांच्या जाळ्यावर 2016 ते 2018 या काळात एक मोठा अभ्यास झाला. अमेरिकेतील कोलोराडो विद्यापीठाचे डॉ. एरिक सिमोइस, पुण्याची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था आणि ‘महान’ यांनी मेळघाटातल्या 93 गावांत दोन वर्षांखालील मुलांचा पाठपुरावा केला. शोध होता आरएसव्ही या श्वसनाच्या विषाणूचा. जगभर त्याचे आकडे रुग्णालयांतून येत. जे मूल रुग्णालयात पोचलेच नाही ते हिशेबाबाहेर. इथे घरोघर फिरून आजारी मुले शोधली गेली, आणि घरी दगावलेल्या मुलांच्या नाकातले नमुनेही मृत्यूनंतर लवकरात लवकर घेतले गेले. नुकतेच मूल गेलेल्या घरात जाऊन नमुना मागणे कोणत्याही विद्यापीठाला स्वतःच्या बळावर जमले नसते. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसले की आरएसव्हीमुळे होणारे मृत्यू घरीही होतात आणि रुग्णालयाच्या नोंदी त्यांना पकडत नाहीत.

अशा भागीदारीत शोधनिबंधावर लेखक म्हणून कुणाची नावे येतात आणि घरोघर फिरणाऱ्या कोरकू बाईला मानधनाखेरीज काय मिळते, हा प्रश्न मेळघाटातही सुटलेला नाही. ज्वारीच्या योजनेत गाव करारातला पक्ष होते. इथे गावाने माहिती दिली, आणि मोबदल्यात उपचार मिळाले. हे थोडे नव्हे, पण ती वर्गणीदारी नव्हे.

आरएसव्हीविरुद्ध गरोदर बाईला द्यायच्या लशीला अमेरिकेत ऑगस्ट 2023 मध्ये मान्यता मिळाली. आईला दिलेली लस बाळाला पहिल्या काही महिन्यांत संरक्षण देते. 2025 पर्यंत भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात तिचा समावेश झालेला नव्हता.