लहान मुलांच्या घरात कोणता पोपट? बिदर-कलबुर्गी सीमाभागातील पालकांसाठी काही निकष

बिदर जिल्ह्यातील औराद, भालकी व बसवकल्याण आणि कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद हे तालुके महाराष्ट्राच्या सीमेला भिडलेले आहेत. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत जुन्या बिदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हा भाग मुंबई राज्यात गेला, तर बिदर तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. रोटीबेटीचे व्यवहार मात्र सीमेच्या दोन्ही बाजूंना तसेच चालू आहेत. या पट्ट्यातील मराठी घरांत पोपटाला राघू म्हणतात, कन्नड शेजारी गिळी म्हणतात आणि दखनी बोलणारे मिठ्ठू. घरातील मूल ‘राघू हवा’ म्हणून हट्ट धरते, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर बहुधा हाच पक्षी असतो: हिरवागार, लाल चोचीचा, लांब शेपटीचा आणि नराच्या गळ्याभोवती गुलाबी-काळे कडे असलेला. पालकांनी पहिली गोष्ट समजून घ्यायची ती ही, की नेमका हाच पोपट घरी आणता येत नाही.

कायदा काय सांगतो?

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये भारतातील देशी पोपटांच्या सर्व जातींना संरक्षण आहे. गळ्यात कडे असलेला नेहमीचा पोपट, खांद्यावर लालसर पट्टा असलेला मोठा ‘पहाडी’ पोपट आणि लालसर-जांभळ्या डोक्याचा लहान पोपट हे सर्व त्यात येतात. त्यांना पकडणे, त्यांची अंडी वा पिल्ले घरट्यातून काढणे, त्यांची खरेदी-विक्री करणे आणि त्यांना पिंजऱ्यात ठेवणे हे गुन्हे आहेत. अशा गुन्ह्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हा केंद्रीय कायदा असल्याने देगलूरच्या पाहुण्यांनी भाच्यासाठी आणलेला राघू सीमा ओलांडून औरादला पोहोचला म्हणून वैध ठरत नाही. बिदरला जो नियम लागू आहे तोच नांदेडला आणि तोच पणजीलाही आहे. ‘आमच्याकडे पूर्वीपासून पाळतात’ किंवा ‘विकत घेतला, पकडला नाही’ हा बचाव चालत नाही.

कायद्यामागचे कारण समजून घेतले तर तो जाचक वाटत नाही. हा पोपट झाडाच्या ढोलीत किंवा जुन्या भिंतींच्या भोकांत घरटे करतो आणि त्याची वीण साधारणपणे हिवाळ्याच्या अखेरीपासून उन्हाळ्याच्या आरंभापर्यंत चालते. याच काळात पुरते पंखही न फुटलेली पिल्ले ढोलीतून काढली जातात. त्यासाठी पुष्कळदा ढोली फोडली जाते आणि पुढच्या वर्षी तेथे घरटे होत नाही. टोपलीत कोंबून नेलेल्या पिल्लांपैकी अनेक वाटेतच दगावतात. बाजारात दिसणाऱ्या एका राघूमागे न दिसणारी अशी पिल्ले असतात. बालहट्टाची ही किंमत मुलाला कोणी सांगितलेली नसते.

मग पर्याय कोणते?

परदेशी वंशाचे, पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढवलेले काही पोपट कायदेशीररीत्या पाळता येतात. त्यांतही एक भेद आहे. २०२२ च्या दुरुस्तीने वन्यजीव कायद्यात आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या ‘साइटस्’ करारातील प्राण्यांसाठी स्वतंत्र अनुसूची आली. तिच्यात येणाऱ्या जिवंत प्राण्यांची नोंदणी केंद्राच्या ‘परिवेश’ पोर्टलवर करणे २०२४ च्या नियमांनी बंधनकारक केले आहे. मकाव, काकाकुवा, सन कोन्यूर, आफ्रिकी करडा पोपट हे त्यात मोडतात. बजरीगर, कॉकाटील आणि गुलाबी चेहऱ्याचा लव्हबर्ड या तीन जाती मात्र साइटस्‌च्या याद्यांत नाहीत. लहान मुलांच्या घराने निवड करायची ती या तिघांतून.

बजरीगर हा मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातील पक्षी. लांबी सुमारे १८ सेंटिमीटर, वजन तीस-चाळीस ग्रॅम, आयुष्य साधारण पाच ते दहा वर्षे. स्वभाव आनंदी, चोच लहान, त्यामुळे चावला तरी मोठी इजा होत नाही. नर काही शब्द शिकतो, पण त्याचा आवाज बारीक व भरभर असतो. बहुतेक रंगांत प्रौढ नराच्या चोचीवरील मांसल भाग निळा, तर मादीचा तपकिरी असतो. तो थव्याने राहणारा पक्षी आहे. घरात दिवसभर माणूस नसेल तर जोडी ठेवावी आणि पिल्ले नको असतील तर दोन नर ठेवावेत.

कॉकाटील त्याहून मोठा, सुमारे ३० सेंटिमीटर लांबीचा, डोक्यावर तुरा असलेला. तो अधिक शांत असतो, माणसाच्या खांद्यावर बसणे त्याला आवडते आणि शीळ तो चांगली घालतो. पण तो पंधरा ते वीस वर्षे जगतो. मूल पहिलीत असताना आणलेला कॉकाटील ते महाविद्यालयात गेल्यावरही घरात असेल. त्याच्या पिसांतून बारीक पांढरी भुकटी सतत झडते, म्हणून घरात कोणाला दमा असल्यास तो टाळावा.

लव्हबर्ड दिसायला गोंडस असला तरी आपल्या जागेबाबत हट्टी आणि चावरा असतो. पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी तो योग्य नाही. मकाव किंवा करडा पोपट यांची बुद्धी, आवाज आणि चोचीची ताकद बालवयाच्या घराला झेपणारी नसते. करडा पोपट तर पन्नास वर्षेही जगू शकतो.

एकंदरीत, पहिलाच पक्षी आणणाऱ्या आणि घरात दहा वर्षांखालील मुले असणाऱ्या कुटुंबासाठी बजरीगरची जोडी ही सर्वांत सोयीची निवड ठरते. मुले जरा मोठी असतील आणि घरातील प्रौढ व्यक्ती रोज वेळ देणार असेल, तर कॉकाटील.

खरेदी करताना

पाळीव प्राण्यांच्या दुकानांना २०१८ च्या नियमांनुसार राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. नोंदणी प्रमाणपत्र पाहावे आणि जातीच्या नावासह पावती घ्यावी. पक्ष्याचे डोळे स्वच्छ, नाकपुड्या कोरड्या आणि शेपटीखालचा भाग स्वच्छ असावा. पिसे फुगवून दिवसाढवळ्या कोपऱ्यात झोपलेला किंवा श्वासागणिक शेपूट खालीवर हलवणारा पक्षी आजारी असतो. दया येऊन तो घेऊ नये. ‘हाताने भरवा, लळा लागेल’ असे सांगून दिले जाणारे, स्वतः न खाणारे पिल्लू नवख्या घराने घेऊ नये. चारा घशात अडकून किंवा थंड पडून ते दगावण्याचा धोका मोठा असतो.

मूल आणि पक्षी

पक्ष्याला माणसासारखा श्वासपटल नसतो. छातीचे हाड पुढे-मागे हलले तरच त्याला श्वास घेता येतो. मुलाने प्रेमाने मूठ आवळली तरी बजरीगर गुदमरून मरू शकतो. म्हणून पाच वर्षांखालील मुलाच्या हातात पक्षी देऊ नये. मोठ्या मुलानेही तो मुठीत धरू नये, बोटावर बसू द्यावा आणि शेजारी प्रौढ व्यक्ती असावी. पक्षी चेहऱ्याजवळ नेणे, त्याला तोंडाने भरवणे टाळावे.

पोपटांपासून माणसाला होणारा सिटॅकोसिस हा जंतुसंसर्ग वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून श्वासावाटे पसरतो. त्यात ताप, डोकेदुखी, कोरडा खोकला ही लक्षणे दिसतात. पिंजरा स्वयंपाकघरात ठेवू नये, तळाचा कागद ओलसर करून रोज बदलावा, हे काम प्रौढांनीच करावे आणि पक्ष्याला हात लावल्यावर मुलांनी साबणाने हात धुवावेत. घरात कोणाला असा ताप आला, तर पक्षी पाळला असल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

पिंजरा, आहार आणि ऊन

पिंजरा उंचीपेक्षा लांबीला जास्त असावा, कारण पक्षी आडवा उडतो. बजरीगरसाठी गजांमधील अंतर सव्वा सेंटिमीटरहून अधिक नको, नाहीतर डोके अडकते. एकसारख्या गुळगुळीत दांडीऐवजी कडुनिंबाच्या किंवा पेरूच्या कमी-अधिक जाडीच्या फांद्या बसवाव्यात. नुसते राळे व बाजरी देऊन भागत नाही. दाण्यांबरोबर मेथी, कोथिंबीर, किसलेले गाजर, मोड आलेले मूग द्यावेत. चहा, चॉकलेट, मिठाचे पदार्थ, कांदा आणि अ‍ॅव्होकॅडो वर्ज्य. न चिकटणारा तवा जास्त तापला तर त्यातून सुटणारा वायू पक्ष्याला काही मिनिटांत मारू शकतो. अगरबत्ती, मच्छर अगरबत्ती आणि विडी-सिगारेटचा धूरही घातक आहे.

कलबुर्गीत एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या छताखाली किंवा खिडकीच्या थेट उन्हात पिंजरा ठेवू नये. पक्ष्याला घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकणे आणि पंख अंगापासून दूर धरणे ही उष्माघाताची पूर्वसूचना समजावी. सावली, हवा, दिवसातून दोनदा बदललेले पाणी आणि अंघोळीसाठी उथळ वाटी एवढी व्यवस्था हवी. बिदरच्या पठारावर डिसेंबरच्या रात्री गार असतात, तेव्हा पिंजऱ्यावर चादर टाकावी. पक्ष्याला दहा-बारा तासांची अंधारी, निवांत झोप लागते.

बिदरच्या नंदीनगर भागात कर्नाटक पशुवैद्यकीय, प्राणी व मत्स्यविज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय आणि पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. पक्षी तपासणारा डॉक्टर कोठे व कोणत्या वेळी भेटेल, हे पक्षी आणण्याआधीच विचारून ठेवावे. लहान पक्षी आजार लपवतात, आणि तो दिसू लागेपर्यंत हाती फार वेळ उरलेला नसतो.

राघू आधीच घरात असेल तर

तो एकदम सोडून देऊ नये. पिंजऱ्यात वाढलेल्या पक्ष्याला अन्न शोधणे, शिकारी ओळखणे जमत नाही. पंख छाटलेले असतील तर तो त्याच दिवशी मांजराच्या तोंडी जातो. जवळच्या वनाधिकारी कार्यालयाला कळवून त्यांच्या सल्ल्याने तो सुपूर्द करणे हाच योग्य मार्ग.

हिरवा राघू मुलांना दाखवायचा असेल तर तो या भागात दुर्मीळ नाही. ज्वारी हुरड्यात आली की थवेच्या थवे कणसांवर उतरतात आणि शेतकरी त्यांच्यामागे गोफण घेऊन धावतो. गावातल्या पिंपळावर संध्याकाळी त्यांचा कलकलाट असतो. घरात बजरीगर आणायचा की नाही, याचा निर्णय मात्र मुलाच्या हट्टावर सोपवू नये. परीक्षेच्या दिवसांत, लग्नसराईत, गावी गेल्यावर पिंजरा कोण साफ करणार आणि पाणी कोण बदलणार, याचे उत्तर घरातील एखाद्या मोठ्या माणसाने स्वतःचे नाव घेऊन दिले, तरच पक्षी आणावा.