देवळाची लाकडं आणि गावाचा झाडू : नगर जिल्ह्यातल्या श्रमदानाचा इतिहास

मागच्या व्याख्यानानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, की इतिहासाच्या मालिकेत राजे-रजवाडे झाले, किल्ले झाले, आता पुढे काय? आज आम्ही जरा वेगळी वाट धरतो आहोत. पडकी घरं, गळकी छपरं, तुंबलेली गटारं, फुटलेले बांध, आणि ते दुरुस्त करायला विनामोबदला उभी राहणारी माणसं. यालाही इतिहास आहे. आपल्या नगर जिल्ह्यात तो चांगला भरघोस आहे. (२०२४ पासून जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. आम्ही जुन्या काळाबद्दल बोलताना नगर म्हणू, सवय आहे, समजून घ्या.)

सुरुवात एका देवळापासून करू. पारनेर तालुक्यातलं राळेगण सिद्धी. १९७०च्या दशकात या गावात दारूच्या तीस-चाळीस भट्ट्या होत्या असं सांगतात. अवर्षणाचा मुलूख, पाऊस चारशे-पाचशे मिलिमीटर, तोही लहरी. शेती पिकत नाही, मग दारू गाळायची आणि आसपासच्या गावांना विकायची. भट्टीला जळण लागतं. डोंगर तर आधीच बोडके झालेले. तेव्हा लोकांनी यादवबाबांच्या देवळाची लाकडं काढून भट्टीत घातली. यादवबाबा म्हणजे गावाचं श्रद्धास्थान. गाव मोडतं म्हणजे नेमकं काय होतं, ते या एका गोष्टीत आलं. घरं पडतात ती नंतर. आधी जे सगळ्यांचं आहे ते कुणाचंच नाही, असं वाटायला लागतं.

आता थोडं मागे जाऊ, कारण ‘सगळ्यांनी मिळून दुरुस्ती’ ही काही १९७५ साली निघालेली गोष्ट नव्हे. आपल्याकडची जुनी घरं आठवा. धाब्याची, माळवदाची. दगडमातीच्या जाड भिंती, वर तुळया, तुळयांवर काटक्या आणि पाला, त्यावर चिखल, आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा थर. हे घर उन्हाळ्यात गार, थंडीत उबदार, पण त्याची एक अट असते: दरवर्षी पावसाआधी वर चढून माती सारखी करायची, नवी टाकायची, चोपायची. एक वर्ष चुकलं की गळती, दोन वर्षं चुकलं की तुळई कुजली. एकट्या घराला हे काम झेपत नाही. मग सावडीनं व्हायचं. आज तुम्ही आमच्या माळवदावर, उद्या आम्ही तुमच्या. शेतात हेच ‘इर्जिक’ म्हणून ओळखलं जायचं. ज्याचं रान नांगरायचं राहिलं त्याच्याकडे गावचे नांगर जायचे, मजुरी नाही, पण संध्याकाळचं जेवण त्या घरचं. आमच्या मते श्रमदानाची मुळं संस्कृत शब्दात शोधू नयेत, ती या जेवणात शोधावीत.

पण हे चित्र फार गोड करून सांगितलं तर तो इतिहास होणार नाही. सावड ही बरोबरीच्या माणसांतली देवाणघेवाण. त्याच गावात दुसरं एक विनामोबदला काम चालायचं, त्याचं नाव वेठ. चावडी झाडणं, मेलेलं जनावर ओढणं, सरकारी माणसाचं ओझं पुढच्या गावापर्यंत पोचवणं, रात्री-अपरात्री सांगावा घेऊन जाणं. हे महार वतनात बांधलेलं होतं. बदल्यात थोडी इनाम जमीन आणि खळ्यावरचं बलुतं. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात या वतनाविरुद्ध विधेयक मांडलं. वतन प्रत्यक्ष संपायला मात्र १९५८चा कायदा यावा लागला. म्हणजे स्वतंत्र भारतातसुद्धा अकरा वर्षं. तेव्हा ‘गाव सगळ्यांनी मिळून स्वच्छ करायचं’ हे वाक्य कुणाच्या कानाला कसं लागतं, हे ज्याच्या आज्याने वेठ केली त्याला विचारा. झाडू कुणाच्या हातात, हा आपल्याकडे साधा प्रश्न कधीच नव्हता.

म्हणून पारनेरच्याच एका माणसाचं नाव इथे घ्यायला हवं. पांडुरंग महादेव बापट, म्हणजे सेनापती बापट. जन्म १२ नोव्हेंबर १८८०, पारनेरचा. शिष्यवृत्तीवर एडिंबरोला गेले, तिथून लंडनच्या क्रांतिकारकांत, पॅरिसमध्ये बॉम्बची विद्या शिकून १९०८च्या सुमारास परत. पुढे भूमिगत, मग अटक. सगळ्यांना ठाऊक असतो तो मुळशीचा सत्याग्रह, पण त्याच्या आधीचा एक काळ आहे. तुरुंगातून सुटून पारनेरला आल्यावर हा युरोप पाहिलेला ब्राह्मण पहाटे उठून गावचे रस्ते झाडायचा, शौचकूप साफ करायचा. मुलगा झाला तेव्हा बारशाची पहिली पंगत त्यांनी अस्पृश्य मानलेल्या लोकांची बसवली. गावाला ते काय वाटलं असेल याची कल्पना करा. बॉम्ब करणं लोकांना समजू शकतं, झाडू घेणं नाही! आणि गंमत बघा, पुढे मुंबईत याच माणसाने झाडूवाल्या कामगारांना संघटित केलं. म्हणजे स्वतः फुकट झाडायचं, पण ज्याचं पोट झाडूवर आहे त्याला त्याचा पगार मिळालाच पाहिजे. या दोन गोष्टींत विरोध नाही, हे बापटांना फार आधी कळलेलं होतं. पुढच्या कित्येक स्वच्छता मोहिमांना ते कळलेलं दिसत नाही.

गाडगेबाबांचं वेगळं सांगायला नको. दिवसा गाव झाडायचं, रात्री कीर्तनात माणसं झाडायची.

स्वातंत्र्यानंतर ‘श्रमदान’ हा शब्द सरकारी झाला. विनोबांचं भूदान १९५१चं, २ ऑक्टोबर १९५२ला सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला, आणि गावोगावी रस्ते, शाळाखोल्या, विहिरी यांत ‘लोकवर्गणी व श्रमदान’ असा एक रकाना आला. रकाना आला की तो भरण्याची कलाही येते. पाहुणे येईपर्यंत टिकाव हातात, फोटो झाला की टिकाव खाली. हे आजही चालतं, नावं घेत नाही. पण चांगली कामंही झाली. १९६९ला राष्ट्रीय सेवा योजना निघाली, आणि कॉलेजच्या पोरांची हिवाळी शिबिरं खेड्यांत होऊ लागली. आमच्यापैकी कित्येकांनी आयुष्यातलं पहिलं घमेलं तिथंच उचललं.

मग आला १९७२चा दुष्काळ. नगर जिल्हा त्यात होरपळला. खडी फोडण्याची कामं, सुकडी, गाव सोडून चाललेल्या बैलगाड्या. यातूनच रोजगार हमी योजना उभी राहिली. इथे एक लक्षात घ्या: दुष्काळात मेहनत भरपूर झाली, पण ती बहुतेक ठिकाणी रस्त्याच्या खडीत गेली. गावाच्या हाती काय राहिलं?

तर अशा वेळी, १९७५मध्ये, सैन्यातून ड्रायव्हरची नोकरी सोडून किसन बाबूराव हजारे राळेगणला परत आले. त्यांनी पहिलं काम काय केलं? बंधारा नाही, दारूबंदी नाही. देऊळ दुरुस्त केलं. फंडाचे जे पैसे मिळाले होते, साधारण वीस हजार असं सांगतात, ते त्यात घातले. आधी लोक नुसते बघत होते. मग म्हातारी माणसं आली, मग तरुण आले, कुणी लाकूड दिलं, कुणी हात दिले. देऊळ उभं राहिलं आणि बसायला जागा झाली. अण्णा स्वतः तिथंच राहायला लागले. पुढच्या सगळ्या बैठका, भांडणं, शपथा तिथंच झाल्या.

दुसरं काम आम्हाला याहून मोलाचं वाटतं. गावाला सरकारने बांधलेला एक पाझर तलाव होता, पण बांध गळत होता. पाणी थांबतच नव्हतं. नवा तलाव मागण्याऐवजी गावाने श्रमदानातून आहे तोच बांध दुरुस्त केला. परिणाम असा, की खालच्या अंगाच्या सात विहिरींना उन्हाळ्यातही पाणी राहिलं. लोकांच्या आठवणीत हे पहिल्यांदाच घडत होतं. पुरंदरच्या विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीचं कामही अण्णांनी पाहिलेलं होतं. नाला बांध, समतल चर, झाडं हे पुढचं सगळं या दुरुस्तीच्या पोटातून आलं. नव्या कामाची कोनशिला असते, दुरुस्तीची नसते. म्हणून कदाचित पुढाऱ्यांना दुरुस्ती आवडत नाही.

आणि मग घरं. गावातल्या दलित कुटुंबांची घरं गावाने श्रमदानातून उभी केली. त्यांच्यावर जमीन सुधारणेचं बँकेचं कर्ज थकलं होतं, तेव्हा गावकऱ्यांनी त्यांच्या रानात राबून पीक काढलं आणि कर्ज फेडायला मदत केली. मघाशी वेठीबद्दल बोललो ते आठवा. ज्यांच्याकडून पिढ्यान्‌पिढ्या फुकट काम घेतलं, त्यांच्या दारात गाव फुकट राबायला गेलं. ही उलटी फिरलेली चक्रं आहेत. याने जात गेली का? नाही गेली. पण वीट कोण उचलतं आणि कोणाच्या भिंतीसाठी, हे एकदा तरी बदललं.

आता अवघड भाग. राळेगणात दारू पिणाऱ्यांना देवळाजवळच्या खांबाला बांधून चाबकाने, पट्ट्याने मारलं जायचं. हे आम्ही आरोप म्हणून सांगत नाही, अण्णांनी स्वतः कबूल केलेलं आहे, आई लेकराला मारते त्या नात्याने त्याचं समर्थनही केलेलं आहे. अभ्यासकांनी यावर कडक टीका केली, आणि आम्हाला ती पटते. ज्याने मार खाल्ला तो दुसऱ्या दिवशी श्रमदानाला आला, तर ते दान म्हणायचं का? दुसऱ्या बाजूने, ज्या बाईचा नवरा पिऊन रोज मारत होता तिला हा प्रश्न कसा दिसला असेल, तेही बाजूला टाकता येत नाही. आमच्यात यावर अजून एकमत नाही. व्याख्यानाची तयारी करतानाही वाद झाला.

नगर जिल्ह्याच्या बाहेर बघा, असाच पेच दिसतो. दक्षिण कोरियात १९७०मध्ये पार्क चुंग-ही यांच्या सरकारने तेहतीस हजारांवर खेड्यांना प्रत्येकी ३३५ पोती सिमेंट दिलं आणि सांगितलं, गावाच्या कामाला वापरा. लोकांनी रस्ते रुंद केले, गवताची छपरं जाऊन कौलं-पत्रे आले. ज्या गावांनी नीट काम केलं त्यांना पुढच्या वर्षी जास्त सिमेंट आणि लोखंड. गावं पालटली हे खरं, आणि वर हुकूमशाही होती हेही खरं. ‘स्वेच्छा’ या शब्दात कुणाची इच्छा किती, हे मोजायला माप नाही.

हिवरे बाजारने हा पेच जरा वेगळ्या रीतीने सोडवला, असं आम्हाला वाटतं. नगर तालुक्यातलं गाव, क्षेत्र ९७६ हेक्टर. राळेगणसारखीच अवकळा: दारू, मारामाऱ्या, स्थलांतर. सरकारी माणसाची इथे बदली म्हणजे शिक्षा. १९९०च्या आसपास एम.कॉम. झालेले, क्रिकेट खेळणारे पोपटराव पवार बिनविरोध सरपंच झाले. त्यांनी सुरुवात शाळेपासून केली. वर्गखोल्या, मैदान, श्रमदानातून. आदर्श गाव योजनेत नाव लागल्यावर डोंगरावर समतल चर खणायचे होते, तिथे मात्र रोजगार हमीचा पैसा वापरला. इथे आम्ही थांबून दाद देतो. ज्याच्या घरी रोजच्या मजुरीवर चूल पेटते त्याच्याकडून वर्षभर श्रमदान मागणं म्हणजे त्याच्याकडून सगळ्यात जड वर्गणी घेणं. एक दिवस सगळे मिळून, पण मोठं काम मजुरीने, हा हिशोब न्यायाचा आहे. जोडीला नियम: कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, लोटाबंदी, बोअरवेल बंदी. पाऊस किती पडला ते मोजून ग्रामसभेत पाण्याचं अंदाजपत्रक, त्यावरून पिकं. गेलेली कुटुंबं मुंबई-पुण्याहून परत आली, आणि त्यांच्याबरोबर बंद पडलेली घरंही उघडली. गावात मुसलमानांचं एकच घर, त्यांच्यासाठी गावाने मशीद बांधून दिली. २०२०मध्ये पवारांना पद्मश्री जाहीर झाली.

२०००-०१ला राज्याने संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान काढलं, स्पर्धा लावली, बक्षिसं ठेवली. त्या दोन-तीन वर्षांत उकिरडे हलले, गटारं झाली, भिंती रंगल्या. तपासणी समिती गेल्यावर काय झालं ते गावागणिक वेगळं आहे. आम्ही फिरलो तिथे एक गोष्ट दिसली: जिथे ग्रामसभा खरोखर भरते तिथे गटार वाहतं.

शेवटी पुन्हा माळवदावर येतो. ही घरं आता झपाट्याने जात आहेत. वर स्लॅब आला, तो दरवर्षी चोपावा लागत नाही, म्हणून वर्षाकाठी शेजाऱ्याला हाक मारायचं कारणही गेलं. आम्ही कुणाला मातीच्या घरात राहा म्हणणार नाही, गळक्या छपराखाली झोपलेल्याला त्यातली कविता दिसत नसते. पण सावडीने छप्पर कसं व्हायचं, आधी कुणाचं आणि मग कुणाचं हे कसं ठरायचं, जेवणात काय असायचं, कुणाला बोलवत नसत, हे सांगणारी माणसं सत्तरी-ऐंशीच्या पुढे आहेत. तुमच्या घरात असं कुणी असेल, तर या दिवाळीत फोनवर रेकॉर्ड करून ठेवा आणि आम्हाला पाठवा. ‘कुणाला बोलवत नसत’ हे विचारायला मात्र विसरू नका. पुढच्या महिन्यात नगर शहरातल्या जुन्या पेठा आणि वाडे घेऊ, तेव्हा या गोष्टी उपयोगी पडतील.