भिंतीवरची चित्रे आणि कागदावरची नावे

चित्रकार म्हटला की कलाशाळेत शिकून, परीक्षा देऊन आलेला मनुष्य आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. मुंबईत १८५७ साली सर जे. जे. कलाशाळा निघाली, तेव्हापासून शहराची कलावंताविषयीची समजूत पुष्कळशी अशीच झाली. पण त्याच मुंबईच्या उत्तरेस, डहाणू-तलासरीच्या डोंगरपट्टीत, कोणत्याही शाळेची पायरी न चढलेल्या वारली बाया पिढ्यान्‌पिढ्या चित्रे काढीत आल्या होत्या. त्यांना कोणी चित्रकर्ती म्हटले नाही. त्यांनी स्वतःही तसे म्हणवून घेतले नाही.

वारल्यांच्या घरी लग्न निघाले की कुडाची भिंत शेणाने आणि गेरूने सारवली जाते. तांदूळ वाटून पांढरा रंग करतात, आणि बांबूची काडी टोकाशी ठेचून तिची कुंचली होते. मग सुवासिनी भिंतीवर चौक लिहितात. चौकाच्या मध्यभागी पालघट देवी, भोवती झाडे, पाखरे, माणसे. चौकावाचून लग्न लागत नाही. लग्न लावणारी धवलेरी, तीही स्त्रीच. लेकीने आईचा हात पाहावा आणि पुढे आपला चालवावा, एवढीच त्यांची शाळा.

ही चित्रे शहरात पोचली ती भास्कर कुळकर्णी या मराठी चित्रकारामुळे. १९६६-६७ साली बिहारात मोठा दुष्काळ पडला. तेव्हा हस्तकला मंडळाच्या पुपुल जयकर यांनी त्यांना मधुबनीकडे धाडले. घरच्या भिंती रंगविणाऱ्या तिथल्या बायकांच्या हाती त्यांनी कागद दिला, की चित्रे विकून चार पैसे मिळावेत. त्यातूनच पुढे जगदंबादेवी, सीतादेवी, गंगादेवी ही नावे देशाला कळली. जगदंबादेवींना १९७५ साली पद्मश्री मिळाली.

पुढे हेच कुळकर्णी डहाणूजवळच्या गंजाडला आले. इथे मात्र पुढे आला तो एक पुरुष, जिव्या सोमा मशे. आई लहानपणीच गेली, पोराची वाचा बसली, आणि मनातले सांगायला ते धुळीत रेघा ओढू लागले, असे त्यांच्याविषयी सांगतात. पुरुषाने चित्र काढावे ही वारल्यांची रीत नव्हती. जिव्यांनी ती मोडली, आणि लग्नाच्या चौकापलीकडे जाऊन शेत, मासेमारीचे जाळे, तारप्याचा नाच असे सारे जगणे कागदावर आणले. १९७५ साली मुंबईच्या केमोल्ड कलादालनात त्यांची चित्रे लागली, १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, १९८९ साली पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात ती झळकली. २०११ साली ते पद्मश्री झाले. २०१८ च्या मे महिन्यात ते निवर्तले. शहराने एका न शिकलेल्या कलावंताचा असा गौरव केला, ही आनंदाचीच गोष्ट होय.

पण भगिनींनो, एक प्रश्न मनातून जात नाही. ज्यांच्या हातांनी ही कला जगली, त्या सुवासिनींपैकी एकीचे तरी नाव आपल्याला सांगता येईल काय? दोष जिव्यांचा नव्हे; त्यांची प्रतिभा थोरच होती. गोष्ट अशी की सारवलेली भिंत वर्ष-दोन वर्षांत पुन्हा सारवली जाते, आणि चित्र तिच्यासवे जाते. कागद मात्र टिकतो, विकला जातो, आणि त्याच्या कोपऱ्यात नाव लिहिता येते. मिथिलेत कागद बायकांच्या हाती पडला, म्हणून त्यांची नावे उरली. आता वारली लेकीसुनाही कागदावर चित्रे काढून विकतात. त्यांच्या आज्या-पणज्यांची नावे मात्र सारवणाखाली गेली ती गेलीच.

हे डहाणूचेच आहे असे नाही. आपल्या कर्जत-खालापुरातही ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. मोहोपाड्यात आपल्या घरोघरीही रांगोळीचा, गोधडीचा, विणकामाचा हात असलेल्या बाया आहेत. कार्यक्रमाच्या दिवशी दारातली रांगोळी आपण वाखाणतो, आणि संध्याकाळी ती पुसली जाते. कोणी काढली होती, हे पुढच्या वर्षी आठवत नाही.

म्हणून या वर्धापनदिनी एक नम्र सूचना करावीशी वाटते. पुढील स्मरणिकेत एक पान राखून ठेवावे. त्यावर कोणाचे भाषण नको, की सत्काराचे वृत्त नको. कोणी काय केले आणि ती कोणाकडून शिकली, एवढेच तिथे नावानिशी लिहावे. इतिहास लिहिण्याची सुरुवात बहुधा अशाच साध्या नोंदीने होते.