चौदा वजनांत सोळांचं माप

सीडीवरचं गाणं म्हणजे खरं तर आकड्यांची एक लांबलचक रास असते. दर सेकंदाला डाव्या स्पीकरसाठी ४४,१०० आकडे आणि उजव्यासाठी तेवढेच. आकडे काही कानाला ऐकू येत नाहीत. स्पीकरचा पडदा हलवायचा तर कमीजास्त होणारा विजेचा दाब लागतो. आकड्यांतून हा दाब पुन्हा उभा करणाऱ्या भागाला ‘डिजिटल टू ॲनलॉग कन्व्हर्टर’ म्हणतात, आणि शौकीन मंडळी त्याला नुसतं ‘डॅक’ म्हणून मोकळी होतात. तो सीडी प्लेअरच्या पोटात असतो, संगणकात असतो, मोबाइलमध्येही असतो. घरच्या हायफाय संचाचा आवाज सुधारायचा म्हटलं की दुकानदार हमखास वेगळा डॅक घ्यायला सुचवतो. त्याचं ऐकावं की नाही, हे ठरवायला या यंत्राचा इतिहास फार उपयोगी पडतो.

आवाजाचे आकडे करायची कल्पना सीडीपेक्षा पुष्कळ जुनी. ॲलेक रीव्ह्ज या ब्रिटिश अभियंत्याला ती पॅरिसमध्ये टेलिफोनचं काम करताना सुचली आणि १९३८मध्ये त्याचं फ्रेंच पेटंट निघालं. लांबच्या तारांवर आवाजात जी खरखर मिसळते, ती टाळण्यासाठी आवाजाऐवजी आकडेच पाठवावेत, असा त्याचा विचार. पण व्हॉल्व्हच्या जमान्यात ते फार महागात जाणारं होतं. पुढे क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाने पक्का सिद्धान्त मांडला, की ज्या कंपनापर्यंतचा आवाज हवा त्याच्या दुपटीहून अधिक वेगाने नमुने घेतले, तर मूळ लहर त्यांतून पूर्णपणे परत मिळवता येते. अंदाजे नव्हे, पूर्णपणे. माणसाला फार तर २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं. म्हणून सेकंदाला चाळीस हजारांहून थोडे अधिक नमुने पुरतात. ४४,१०० हा विचित्र आकडा आला कुठून? सुरुवातीला हे आकडे साठवायला व्हिडिओ टेप वापरत. सेकंदाला ६० चित्रक्षेत्रं, प्रत्येकात वापरता येतील अशा २४५ रेघा आणि दर रेघेत तीन नमुने. गुणाकार करून पाहा.

आता १९७९ सालात येऊ. ८ मार्च रोजी हॉलंडमधल्या आइंडहोवन या गावी फिलिप्स कंपनीने पत्रकारांपुढे आपली छोटी चकचकीत तबकडी वाजवून दाखवली. जगभर एकच पद्धत रूढ व्हायची तर जपानी कंपनी सोबत हवी, हे ओळखून फिलिप्सने सोनीशी हातमिळवणी केली आणि मग दोघांत घासाघीस सुरू झाली. वादाचा एक मोठा मुद्दा होता तो बिटांचा. फिलिप्सला प्रत्येक नमुना चौदा बिटांचा हवा होता, सोनीचा आग्रह सोळांचा. दोन बिटांसाठी एवढं काय भांडायचं, असं वाटेल. ते समजायला वाण्याच्या दुकानात जाऊ.

समजा, तुमच्याकडे एक ग्रॅम, दोन ग्रॅम, चार ग्रॅम, आठ ग्रॅम अशी प्रत्येक वेळी दुप्पट होत जाणारी सोळा वजनं आहेत. शेवटचं वजन ३२ किलो ७६८ ग्रॅमचं होईल. या सोळा वजनांनी शून्यापासून ६५,५३५ ग्रॅमपर्यंतचं कोणतंही माप करता येतं. डॅक नेमकं हेच करतो. फक्त लोखंडाच्या वजनांऐवजी विजेचे लहानमोठे प्रवाह असतात, आणि एका सेकंदात ४४,१०० वेळा नवा आकडा वाचून नवं माप करायचं असतं. गोम अशी की सर्वांत मोठं वजन अर्ध्या ग्रॅमने जरी चुकलं, तरी एक ग्रॅमच्या वजनाला काही अर्थ राहत नाही. बत्तीस किलोंत अर्धा ग्रॅम! हे सारं सिलिकॉनच्या नखाएवढ्या तुकड्यावर, हजारोंच्या संख्येने, परवडेल अशा किमतीत घडवायचं.

फिलिप्सच्या रूडी व्हान द प्लासे या अभियंत्याने १९७६मध्ये यावर एक सुरेख तोड काढली होती. अगदी सारखी वजनं घडवता येत नाहीत ना? मग त्यांच्या जागा सतत वेगाने अदलाबदल करत राहायच्या. एखादं वजन किंचित जड, दुसरं किंचित हलकं. पण प्रत्येकाला प्रत्येक जागी बसवलं की सरासरी बरोबर येते. या युक्तीवर फिलिप्सने चौदा बिटांची उत्तम चिप तयार केली. आणि नेमकं तेव्हाच, १९८०मध्ये, सोनीचं म्हणणं मान्य होऊन तबकडी सोळा बिटांची ठरली. फिलिप्सच्या हातात वजनं चौदा आणि माप करायचं सोळांचं, अशी पंचाईत झाली.

खालचे दोन बिट सरळ टाकून द्यावेत, तर गाण्यातला हळुवार भाग खरखरीत झाला असता. फिलिप्सच्या मंडळींनी वेगळाच रस्ता धरला. अचूकता कमी पडते, पण वेग आपल्याकडे मुबलक आहे. मग वेग देऊन अचूकता विकत घेऊ. तबकडीवरच्या दर दोन नमुन्यांच्या मध्ये गणिताने आणखी तीन नमुने काढायचे, म्हणजे सेकंदाला १,७६,४०० मापं होतात. यालाच ‘ओव्हरसॅम्पलिंग’ म्हणतात. मापातली चूक त्यामुळे चौपट रुंद पट्ट्यावर पसरते आणि तिचा बराच भाग कानाच्या टप्प्याबाहेर जातो. यापुढची युक्ती तर आपल्या खतावणीतली. या मापात जेवढी चूक राहिली, तेवढी ‘मागील बाकी’ म्हणून पुढच्या मापात ओढायची. एकेक नोंद थोडी चुकीची, पण एकूण हिशेब चोख. चौदा बिटांत ८४ डेसिबलची मजल मिळते. या दोन युक्त्यांनी ती ९७च्या घरात गेली, म्हणजे सोळा बिटांइतकी.

या सौद्यात फिलिप्सला आणखी एक लाभ पदरात पडला, आणि माझ्या मते तोच मोठा. आकड्यांतून लहर उभी करताना मूळ आवाजाबरोबर त्याच्या उंच कंपनांच्या प्रतिमाही उमटतात. त्या गाळून टाकाव्या लागतात. सोनीसारख्या साध्या पद्धतीत २० हजार हर्ट्झपर्यंत सगळं जाऊ द्यायचं आणि २४ हजारांच्या आसपास सगळं अडवायचं. म्हणजे गाळणी जवळजवळ उभ्या भिंतीसारखी हवी. कॉइल आणि कपॅसिटरची अशी गाळणी उंच स्वरांना कमीजास्त उशीर लावते. चौपट वेगामुळे पहिली प्रतिमा दीड लाख हर्ट्झच्या पुढे ढकलली गेली. आता भिंतीऐवजी सौम्य उतार पुरेसा होता.

सोनीचा सीडीपी-१०१ हा पहिला प्लेअर १ ऑक्टोबर १९८२ रोजी जपानात १,६८,००० येनला विक्रीला आला. त्यात सोळा बिटांचा डॅक होता खरा, पण एकच. तो आळीपाळीने डाव्या-उजव्या बाजूची सेवा करी, आणि त्यामुळे एक बाजू सेकंदाच्या दहा लाखांतले अकरा भाग मागे पडे. यावर पुष्कळ शाई खर्ची पडली. हिशेब केला तर हा फरक एक स्पीकर चार मिलिमीटर मागे सरकवण्याएवढा निघतो. आपण सोफ्यावर टेकून बसलो तरी त्याहून जास्त फरक पडतो.

तरी त्या काळात सीडीचा आवाज रुक्ष, कानाला बोचरा लागतो ही तक्रार अनेकांनी केली. तज्ज्ञांनी आकडे दाखवून ती उडवून लावली. पण सगळेच तक्रार करणारे काही जुन्या रेकॉर्डींच्या प्रेमापोटी बोलत नव्हते. भिंतीसारख्या गाळण्या प्लेअरमध्ये होत्या तशा रेकॉर्डिंगच्या यंत्रांतही होत्या, आणि अनेक सीडी एलपीसाठी तयार केलेल्या टेपवरून जशाच्या तशा काढल्या होत्या. दुसरं एक कारण अधिक सूक्ष्म आहे. तानपुऱ्याची तार छेडून सोडली की नाद हळूहळू विरत जातो. तो अगदी खालच्या एक-दोन बिटांपर्यंत आला की मापाची चूक आवाजाबरोबरच नाचू लागते. नाद खरबरीत होतो आणि मग एकदम तुटतो. त्यावरचा उपाय ऐकायला उफराटा वाटेल: मापण्यापूर्वी आवाजात अगदी थोडी खरखर मुद्दाम मिसळायची. मग नाद तुटत नाही. मंद खरखरीखाली सावकाश बुडत जातो. याला ‘डिदर’ म्हणतात. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या व्हॅन्डरकॉय आणि लिपशिट्झ यांनी १९८४मध्ये दाखवून दिलं, की याने सर्वांत लहान पायरीच्याही खालचा आवाज टिकवता येतो. म्हणजे दोष होता, पण तो सगळा डॅकचा नव्हता. रेकॉर्डिंगमध्ये तुटलेला नाद घरी कितीही महाग डॅक आणून सांधता येत नाही.

१९८५मध्ये फिलिप्सची टीडीए-१५४१ ही खरीखुरी सोळा बिटांची चिप आली. दशकाच्या अखेरीस मात्र त्याच कंपनीने वजनांचा संसारच मोडीत काढला. ‘बिटस्ट्रीम’ पद्धतीत वजन एकच. ते सेकंदाला सुमारे १ कोटी १३ लाख वेळा ठेवायचं किंवा उचलायचं. वजन एकच असल्यावर वजनांत तफावत कुठली? मागील बाकीचा हिशेब मात्र फार कसोशीने ठेवावा लागतो. या कल्पनेची बीजं १९६२मध्ये टोकिओ विद्यापीठात इनोसे, यासुदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली होती. आजच्या बहुतेक चिपा याच घराण्यातल्या, पण एकाऐवजी मोजकी वजनं वापरणाऱ्या आहेत.

वजनांचा प्रश्न असा सुटला आणि घड्याळाचा पुढे आला. बरोबर आकडा चुकीच्या क्षणी मांडला तर तोही चुकीचाच. सोळा बिटांची अचूकता सर्वांत उंच आणि सर्वांत मोठ्या स्वरालाही हवी असेल, तर वेळेची चूक एका सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या आठव्या हिश्शाहून कमी लागते. तेवढ्यात प्रकाशसुद्धा साडेतीन-चार सेंटिमीटरच जातो. गंमत पाहा, याच सुमारास स्वतंत्र डॅकची पेटी घरोघरी शिरू लागली होती. प्लेअरपासून पेटीपर्यंत एकच तार, आणि तिच्यातून आकडे आणि घड्याळाचे ठोके एकत्र जाणार. आवाज सुधारावा म्हणून डॅक वेगळा केला, आणि त्याला दुसऱ्याच्या दुरून आलेल्या ठोक्यांवर चालायची वेळ आली. १९९२मध्ये ख्रिस डन आणि माल्कम हॉक्सफर्ड यांनी या जोडणीतच खोट आहे का, असा उघड प्रश्न विचारला. पुढे संगणक आल्यावर उत्तर सापडलं ते भूमिका उलटवून: चांगलं घड्याळ डॅकजवळच ठेवायचं आणि त्यानेच संगणकाला आकडे कमीजास्त वेगाने मागायचे. आज यूएसबीवर चालणाऱ्या बहुतेक चांगल्या पेट्या असंच करतात.

मग आज डॅक बदलून घरचा आवाज सुधारतो का? २००७मध्ये बॉस्टन परिसरातल्या मायर आणि मोरान यांनी एक कसोटी प्रसिद्ध केली. उंच दर्जाच्या तबकडीचा आवाज मध्येच सीडीच्या सोळा बिटांतून फिरवून आणायचा आणि कुठला कुठला ते ओळखायला सांगायचं. ५५४ प्रयत्नांत २७६ बरोबर निघाले. छापा-काटा केला असता तरी एवढे निघाले असते. २०१६मध्ये जोशुआ रीस यांनी अशा अठरा अभ्यासांची एकत्र मोजदाद केली, तेव्हा बरोबर ओळखण्याचं प्रमाण ५२.३ टक्के आलं. फरक आहे, पण इवलासा. २०१६मध्येच ॲपलने आयफोनवरची हेडफोनची खाच काढून टाकली आणि बदल्यात एक बोटभर लांबीची तार दिली. तिच्या टोकात डॅक आहे. १९८२ साली एक लाख अडुसष्ट हजार येनांत मिळणारं काम आता तिथे होतं.

दुकानात दोन डॅक ऐकताना एक पथ्य पाळावं. सीडी प्लेअरमधून बाहेर पडणारा दाब साधारण दोन व्होल्ट असतो. नवी पेटी त्याहून थोडा जास्त दाब देत असेल, तर आवाज किंचित मोठा येतो, आणि किंचित मोठा आवाज कानाला ‘मोठा’ न वाटता ‘चांगला’ वाटतो. आधी दोन्हींचा आवाज मीटरने सारखा करून घ्यावा, मग मत द्यावं. जुन्या संगणकाच्या खाचेतून घरघर येत असेल तर बाहेरचा साधा डॅक जरूर घ्यावा. त्यापलीकडचे पैसे स्पीकरवर, आणि ते भिंतीपासून किती अंतरावर ठेवायचे या विचारावर, जास्त कारणी लागतील. डॅकची चूक आज टक्क्याच्या हजाराव्या भागात मोजावी लागते. स्पीकरची आणि खोलीची सहज टक्क्यांत असते.

तरी शौक असा आटोपत नाही. १९९०च्या दशकात जपानमध्ये काही मंडळींनी ओव्हरसॅम्पलिंग आणि डिजिटल गाळणी दोन्ही काढून टाकलेले डॅक बनवले. मोजमापात ते मागे पडतात, उंच स्वर त्यांत थोडे दबतात, आणि तोच आवाज अनेकांना गोड लागतो. आवड म्हणून त्याला हरकत घ्यायचं कारण नाही. ऑक्टोबर २०२०मध्ये जपानच्या नोबेओका इथल्या एकेएम कंपनीच्या चिपांच्या कारखान्याला आग लागली, तेव्हा जगभरच्या हायफाय कंपन्यांना आपले आराखडे बदलावे लागले. इतकं हे सगळं मोजक्या कारखान्यांवर उभं आहे. आणि फिलिप्सची ती जुनी टीडीए-१५४१? तिच्या सुधारित आवृत्तीतल्या, तपासणीत सर्वांत नेमक्या ठरलेल्या चिपांवर कंपनी एक छोटासा मुकुट छापत असे. उत्पादन केव्हाच थांबलं, पण मुकुटवाल्या चिपांना शौकिनांच्या बाजारात आजही चढा भाव मिळतो. त्यामुळे साध्या चिपांवर खोटा मुकुट छापून विकणारेही आहेत, आणि वरून पाहून अस्सल-नक्कल ओळखणं नवख्याला अवघड जातं.