सँ मालोच्या तटाखाली, १७६९

रात्रीचे दहा वाजत आलेत. साल १७६९. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात, सँ मालो शहराच्या तटाबाहेर तुम्ही ओल्या वाळूत उभे आहात. ओहोटी इतकी लांब गेली आहे की समुद्र नुसता ऐकू येतो. गलबतं चिखलात एका कुशीवर कलंडली आहेत. इतक्यात गावातली घंटा वाजू लागते. पाय उचला! घंटा थांबली की वेस बंद होते आणि किनाऱ्यावर राखणीचे दांडगे कुत्रे मोकळे सुटतात. कोरड्या पडलेल्या जहाजांवर चोरांनी हात मारू नये म्हणून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली ही व्यवस्था. पुढच्याच वर्षी हे कुत्रे एका नौदल अधिकाऱ्याचा जीव घेतील आणि मग ती कायमची बंद होईल.

वेशीच्या आत गल्ल्या अरुंद आहेत, घरं ग्रॅनाइटची. १६६१ च्या आगीत लाकडी घरं जळाली आणि गाव दगडाकडे वळलं. तटालगतचे उंच वाडे जहाजमालकांचे. त्यांचा पैसा कुठून आला ते तुमच्या नाकालाच कळेल. न्यूफाउंडलंडहून खारवून आणलेल्या कॉड माशाचा वास इथे मुरलेला आहे. शिवाय भारताचा व्यापार. फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनी कर्जात रुतली, तेव्हा तिचा भारताशी चालणारा व्यापार काही वर्षं याच गावच्या सावकारांनी चालवला. या कंपनीची सुरतेतली वखार १६६८ ची, म्हणजे शिवाजी महाराजांनी १६७० मध्ये सुरत दुसऱ्यांदा लुटली त्याच्या जेमतेम दोन वर्षं आधीची. १७४६ मध्ये इंग्रजांकडून मद्रास घेणारा ला बूर्दोने जन्मला तोही इथेच. मात्र इथली काही जहाजं आफ्रिकेतून माणसं भरून कॅरिबियन बेटांवर विकायला नेत. वाड्यांचं कौतुक करताना हे विसरणं मला अप्रामाणिकपणाचं वाटतं.

भूक लागली असेल तर त्या उघड्या दाराशी थांबा. चुलीवर लोखंडी तवा तापलाय. कुट्टूच्या पिठात फक्त पाणी आणि मीठ घालून भिजवलेलं सरसरीत पीठ त्यावर गोल फिरवतात आणि आपल्या घावनासारखी जाळी पडते. हा गालेत. गहू महाग, पण इथल्या हलक्या जमिनीतही कुट्टू येतो, म्हणून गरिबाचं पोट यावर भरतं. वरून लोणी घालून घ्या, तेही खारं. फ्रान्सच्या बऱ्याच भागात मिठावर जबर कर आहे, ब्रिटनीला तो माफ. त्यामुळे इथे मीठ स्वस्त आणि लोण्यात सढळ. सोबत सफरचंदाची सायडर. ही चव आज तुम्ही गेलात तरी जवळपास तशीच मिळेल, आणि माझ्या मते या गावाचा सर्वांत जुना ठेवा तीच आहे.

कारण आजची बहुतेक घरं तेवढी जुनी नाहीत. १७५ वर्षं पुढे या. ऑगस्ट १९४४. जर्मन सैन्य गावात दबा धरून आहे, अमेरिकी तोफा आणि विमानं आग ओकताहेत. तटाच्या आतलं सुमारे ८० टक्के गाव बेचिराख झालं. कॅथेड्रलचा मनोरा कोसळला. तट मात्र बव्हंशी टिकला. युद्धानंतर लोकांनी काचा-काँक्रीटचं नवं शहर उभारायचं नाकारलं आणि ग्रॅनाइटचंच, जुन्या चेहऱ्यामोहऱ्याचं गाव पुन्हा बांधलं. कोणी त्याला नक्कल म्हणतात. मला तो निर्णय मनापासून पटतो.

आता आजच्या काळात या आणि तटावरून पूर्ण फेरी मारा. जवळच्या कांकाल गावी बंदरावर कालवं तिथल्या तिथे फोडून देतात. वर लिंबू पिळायचं, खायचं आणि शिंपला खाली किनाऱ्यावर टाकायचा. लेखक शातोब्रियाँची समाधी सँ मालोच्या समोरच्या ग्राँ बे बेटावर आहे. ओहोटीला तिथे चालत जाता येतं. पण मोठ्या उधाणात इथलं पाणी बारा मीटरहून जास्त चढतं आणि वाट पाहता पाहता बुडते. तेव्हा भरतीचं वेळापत्रक पाहिल्याशिवाय त्या वाटेवर पाऊल टाकू नका.