गणिती खेळ, शालेय (जबलपूर आणि नर्मदाकाठ)

गणिती खेळ, शालेय : संख्या, आकार, मापन, शक्यता या कल्पना मुलांना हाताळून आणि डाव खेळून समजाव्यात म्हणून वर्गात योजलेले उपक्रम. सोंगट्यांचे पट, काड्यांचे आकार, कागदाच्या घड्या, लुटुपुटूचा बाजार हे सारे त्यांत मोडते. चालीवर पाढे म्हणणे मात्र मोडत नाही. त्याने पाठांतर सुकर होते, गणित होत नाही. गणित केल्याशिवाय पुढची खेळी करताच येऊ नये, ही या खेळांची कसोटी.

जबलपूर ही जुन्या मध्य प्रांतातली शिक्षक घडवणारी नगरी. इथल्या स्पेन्स ट्रेनिंग कॉलेजात नागपूर-वऱ्हाडकडचे मराठी शिक्षकही अध्यापनाचे धडे गिरवायला येत. आज शहरात राज्य विज्ञान शिक्षा संस्थान आहे. हातांनी गणित शिकवण्याचा विचार या प्रांतात ठळकपणे मांडला गेला तो 1937 च्या वर्धा शिक्षण परिषदेपासून. त्या परिषदेतून पुढे आलेल्या नई तालीममध्ये टकळीवर कातलेले सूत हेच गणिताचे साहित्य होते : चार फुटांचा एक तार, 640 तारांची एक गुंडी. मुलाने आज किती कातले, गुंडी पुरी व्हायला किती तार उरले, एवढ्यात बेरीज-वजाबाकी-गुणाकार येऊन जात. हा खेळ नव्हे, काम होते. पण कसोटीला ते पुरेपूर उतरते.

नर्मदेच्याच काठी, जबलपूरच्या खालच्या अंगाला असलेल्या होशंगाबाद जिल्ह्यात (आता नर्मदापुरम) 1972 मध्ये 16 उच्च प्राथमिक शाळांतून होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर यांनी तो उभा केला, 1982 मध्ये स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ने पुढे नेला आणि 2002 मध्ये सरकारने बंद केला. नावात विज्ञान असले तरी मापन, आलेख आणि शक्यता हा त्याचा मोठा भाग होता. ‘एकलव्य’च्या प्राथमिक शिक्षण कार्यक्रमाने असेच काम पहिली ते पाचवीच्या वर्गांत केले.

याच वातावरणात अरविंद गुप्ता यांचे काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांचे खेळणे घडले. नळीच्या छोट्या तुकड्यात दोन काड्या दोन्ही बाजूंनी खुपसल्या की सांधा तयार होतो. तीन काड्यांचा त्रिकोण कसाही दाबा, हलत नाही. चार काड्यांचा चौकोन मात्र बोटाच्या धक्क्याने कलंडतो. त्याला ताठ उभे करायला कर्ण घालावा लागतो, आणि बाजूएवढी काडी तिथे अपुरी पडते. ती किती लांब हवी, हा प्रश्न मूल स्वतःच विचारते. पायथागोरसचे प्रमेय त्यानंतर आले तर ते उत्तर म्हणून येते. गुप्ता पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत रमले, म्हणून मराठी शिक्षकांना ते आपलेच वाटतात.

विकत काहीच घ्यावे न लागणारा खेळ म्हणजे अष्टा-चंगा, आपल्याकडचा चल्लस-आठ. पंचवीस घरांचा पट खडूने फरशीवर काढता येतो. चार कवड्या टाकायच्या. जितक्या उताण्या पडतील तितकी घरे चालायची. चारही उताण्या तर चार, चारही पालथ्या तर आठ, आणि दोन्ही वेळा पुन्हा दान. कवडी नसेल तर चिंचोका दगडावर घासून एका बाजूने पांढरा करतात. प्रत्येक कवडी दोन्ही अंगांनी सारखीच पडते असे धरले तर एकूण 16 शक्यता होतात : दोन उताण्या पडण्याच्या 6, एक किंवा तीन पडण्याच्या प्रत्येकी 4, चार किंवा आठचे दान मिळण्याची प्रत्येकी 1. दुर्मीळ दानांनाच बक्षीस ठेवणाऱ्या जुन्या खेळाडूंना ही गोष्ट मोजल्याविना उमगली असावी. पण कवडीची पाठ आणि पोट सारखे नसतात, तेव्हा खरी दाने या हिशेबाबरहुकूम पडतीलच असे नाही. मुलांनी शंभर दाने टाकून तक्ता भरावा आणि फरक का पडला यावर भांडावे. धडा त्या भांडणात आहे.

जबलपूरच्या मराठी घरातल्या मुलापुढे आणखी एक अडचण असते. 89 ला घरी एकोणनव्वद म्हणतात, म्हणजे नव्वदाला एक कमी. शाळेत हिंदीत तोच आकडा नवासी, म्हणजे ऐंशी आणि नऊ. दोन्ही भाषांत एरवीही एकक आधी बोलायचे आणि दशक आधी लिहायचे. महाराष्ट्रात बालभारतीने 2019 मध्ये दुसरीच्या पुस्तकात 21 साठी ‘वीस एक’ अशी वाचनपद्धती आणली तेव्हा गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांच्यावर टीकेची आणि थट्टेची केवढी झोड उठली! त्या थट्टेत मूळ अडचणीकडे फारसे कुणी पाहिले नाही. दहा-दहा मण्यांचे रंग आलटून-पालटून ओवलेली शंभर मण्यांची गणितमाळ इथे कामाला येते : माळेवर चिमटा लावला की एकोणनव्वद आणि नवासी एकाच जागी सापडतात.

वरच्या वर्गांसाठी देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांचा 6174 पुरेसा आहे. सगळे सारखे नसलेले चार अंक घ्या, उतरत्या क्रमाच्या संख्येतून चढत्या क्रमाची वजा करा, उत्तरावर पुन्हा तेच करा. 3524 घेतले तर 5432 उणे 2345 म्हणजे 3087, मग 8352, मग 6174, आणि पुढे तेच. सातव्या पायरीपर्यंत प्रत्येक संख्या तिथे पोचतेच. हातच्याच्या वजाबाकीची एरवी कंटाळवाणी तालीम यात न सांगता होते. एखादा 6174 ला पोचला नाही तर तो आपणहून चूक शोधतो, मास्तरांना लाल पेन काढावे लागत नाही.

2021 च्या निपुण भारत अभियानाने आणि मध्य प्रदेशाच्या मिशन अंकुरने अशा साहित्याला सरकारी मान्यता दिली. मात्र साहित्याची पेटी कपाटात राहिली की व्यर्थ. गर्दीच्या वर्गात हुशार मूल सगळ्यांचे मोजून टाकते आणि उरलेले सोंगट्या सरकवतात, ही नेहमीची फसगत. त्यावर अनुभवी शिक्षकांचा उपाय साधा आहे : चार-चारांचे गट, दान टाकणारा एक आणि लिहिणारा दुसरा, आणि दर डावाला अदलाबदल.